न नेण्याचा पगार

एखाद्याला कामाच्या मानानं पैसे जास्त मिळतात, असं सगळ्यात आधी कोण म्हणतं? ज्याला ते काम येत नाही, तो. सरकारी नोकरीत माझे केस पांढरे झाले ते हेच वाक्य ऐकता ऐकता. परवा एका लग्नात पुन्हा ऐकलं. शेजारी जेवायला बसलेले गृहस्थ सांगत होते, की कलकत्त्याकडं नदीतून मोठमोठी जहाजं आत नेताना वाट दाखवायला एक माणूस चढतो आणि त्याला म्हणे भरमसाट पगार असतो. "काम काय, तर नुसतं डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या म्हणायचं! तेवढं तर माझी बायकोही स्कूटरवर मागं बसून फुकट सांगते." पंगत हसली. तिथं मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर जेवण बाजूला राहून भांडण झालं असतं. म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो आहे.

मला मुंजाजी भोई आठवले. कचेरीत आम्ही सगळे त्यांना 'तो मुंजाजी' म्हणायचो. आता मला तसं म्हणवत नाही.

त्यांचं गाव राहुंडी. पैठणच्या धरणाचं पाणी फुगलं तेव्हा गाव बुडालं आणि वर माळावर नवी राहुंडी बसली. जुनी राहुंडी गोदावरीच्या ऐन काठावर होती. पलीकडचा काठ नगर जिल्ह्याचा. नदी होती तोवर दोन्ही काठांच्या मधे मुंजाजींची नाव चालायची, त्यांच्या आधी त्यांच्या वडलांची. पाणी फुगल्यावर नदीचं अफाट तळं झालं, पलीकडच्या काठावरची माणसं ठिपक्याएवढी दिसायला लागली, आणि लोकांच्या सोयीसाठी सरकारनं एक लाँच सुरू केली. त्या लाँचचा कारभार औरंगाबादच्या ज्या कचेरीतून चालायचा, तिथं मी कारकून होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही.

लाँच चालवायला होते लतीफभाई. मूळचे शहरातले, ट्रकच्या इंजिनात हात काळे केलेले. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचे, पण पाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं उघड म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांची लाँच बुडालेल्या चिंचेच्या शेंड्यात अडकली आणि अर्धा दिवस माणसं पाण्यात लटकून राहिली. तेव्हाचे साहेब समजदार होते. ते स्वतः नव्या राहुंडीला गेले आणि मुंजाजींना म्हणाले, "लाँचवर बसा आणि वाट दाखवा. काय घ्याल?" मुंजाजींनी जो आकडा सांगितला, तो आमच्या हेडक्लार्कच्या पगाराच्या वर होता. साहेबांनी तो मान्य केला. कचेरीत मात्र त्या दिवशी चहासुद्धा कुणाला गोड लागला नाही.

मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते लाँचवर. ठेंगणे, कानांवर केसांचे झुपके, धोतर, आणि त्या धोतरावर काळा कोट. भर दुपारच्या उन्हात. पहिला पगार झाला तेव्हा औरंगाबादच्या शहागंजात जाऊन त्यांनी तो जुना कोट विकत घेतला होता. लाँच सुटली की अंगात घालायचे आणि काठाला लागली की काढून घडी करायचे. मी विचारलं, "मामा, घामानं भिजलात, कोट कशाला?" तर म्हणाले, "भाऊसाहेब, कोण पगारी हाय ते लोकायला दिसाया पायजे."

दुसरी गोष्ट लक्षात आली ती ही, की ते पाण्याकडं बघतच नसत. नाळेवर, म्हणजे लाँचच्या पुढच्या टोकाला, उलट्या डब्यावर बसून ते बघायचे डोंगराकडं, काठावरच्या एका कडुनिंबाकडं आणि टेकाडावरच्या खंडोबाच्या देवळाकडं. जुन्या राहुंडीतलं तेवढं एक देऊळ पाण्याबाहेर राहिलं होतं. बसल्या बसल्या ते मला बुडालेलं गाव दाखवत होते. "आता चावडी गेली खालून. ही पाटलाची इहीर. जरा डावीकडं घ्या लतीफभाई, शाळंचं छप्पर हाय." एका जागी हात वर करून म्हणाले, "थांबा, जकात द्या." मी दचकलो. लतीफभाई हसायला लागले. तिथं खाली निजामाच्या राज्यातलं करोडगिरीचं नाकं होतं. नदी ही तेव्हा सरहद्द. अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज. आल्यागेल्या मालावर तिथं जकात बसायची. पुराचं पाणी लागू नये म्हणून नाकं उंचवट्यावर बांधलेलं, भिंती दोन हात रुंद. मुंजाजींना त्या भिंतीचा दगड न् दगड ठाऊक होता, कारण लहानपणी त्याच भिंतीवर त्यांनी शिपायाच्या छड्या खाल्ल्या होत्या.

त्या देवळाला पाण्याकडून बारा पायऱ्या होत्या, हातभर उंचीच्या. दसऱ्याला तळं तुडुंब असायचं तेव्हा एकही पायरी दिसायची नाही. मग जसजसं पाणी उतरेल तसतशा त्या एकेक उघड्या पडायच्या. नव्या राहुंडीत माणूस भेटला की पाऊसपाणी नंतर, आधी विचारायचा, "आज किती पायऱ्या?" कारण किती पायऱ्या उघड्या त्यावर लाँचची वाट ठरायची. एका पायरीला शाळेवरून खुशाल जाता येई, तीन पायऱ्यांना शाळा टाळावी लागे, पाच पायऱ्यांना चिंचा जाग्या होत. सात पायऱ्यांना सरळ वाट बंद, जुन्या ओढ्याच्या अंगानं वळसा घालून जायचं. बारावी पायरी दिसली की लाँच काठाला. त्यानंतरच्या वैशाखात सगळे सावलीला बसायचे आणि मुंजाजी काठी घेऊन उघड्या पडलेल्या जुन्या गावातून हिंडायचे. कुठली भिंत पडली, कुठं गाळ बसला, कुठलं खोड मोडलं. "पाणी दरसाली गाव बदलून ठिवतं," म्हणायचे. त्या दिवसांचा पगार त्यांना नसे, आणि तो त्यांनी कधी मागितलाही नाही. ही बाब कचेरीत कुणी कधी काढली नाही हेही सांगून ठेवतो.

पैशाच्या बाबतीत मात्र माणूस चिकट होता. ते लपवण्यात अर्थ नाही. नाव होती तेव्हा त्यांनी कुणाला फुकट नेलं नाही. सख्ख्या मेहुण्याकडूनसुद्धा भाडं घ्यायचे. अलीकडच्या काठाला निजामाचं हाली नाणं घ्यायचे, पलीकडच्या काठाला इंग्रजांचं कलदार. रझाकारांच्या धामधुमीत अलीकडची कितीतरी घरं रातोरात पलीकडं गेली, ती ह्यांच्याच नावेतून, आणि तेव्हाही ह्यांनी भाडं घेतलं. तीस वर्षं झाली तरी राहुंडीच्या हॉटेलात एक म्हातारा ते उगाळत बसायचा, "आमी जीव घेऊन पळत होतो आन् ह्यो हात पुढं करून हुबा." एका बाईजवळ पैसा नव्हता, तर तिच्याकडून ह्यांनी पितळेचं फुलपात्र ठेवून घेतलं. पोलीस ॲक्शननंतर ती परतली, तेव्हा भाडं मागितलं, मोजून घेतलं आणि फुलपात्र घासून परत दिलं.

मी एकदा हे त्यांच्या तोंडावर बोललो. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "फुकट नेणारा अर्ध्या पाण्यात इचार बदलतो, भाऊसाहेब. काठावर रझाकाराची शिट्टी वाजली तर तो म्हणल, जाऊ द्या, मपलं काय अडलंय? अन् नाव माघारी वळवल. म्या भाडं घेतलं व्हतं. मला कसं वळवता येईल?"

हे मला पटायला वेळ लागला. पटलं ते एका पुढाऱ्यामुळं.

पौषातला दिवस होता. पश्चिमेचं वारं सुटलं होतं. काठावरून पाणी साधंच दिसत होतं, जरा कुरकुरत होतं इतकंच. लाँचमध्ये माणसं बसली, त्यांत एक वजनदार पुढारी, पलीकडं कुठल्या तरी संस्थेच्या सभेला निघालेले. मी कचेरीच्या कामानं बरोबर होतो. मुंजाजी आले, डोंगराकडं पाहिलं, कोट अंगात घातलाच नाही. "आज नाय. वारं पडल्यावर बगू." लतीफभाईंनी किल्ली काढून खिशात टाकली. पुढारी भडकले. तासभर समजावलं, मग दरडावलं. शेवटी म्हणाले, "तुला पगार कोण देतं रे?"

"तुमीच की देता," मुंजाजी म्हणाले. "म्हणून तर थांबिवतोय."

"पैसे नेण्याचे घेतोस का बसून राहायचे?"

"न्यायचे पैसे लतीफभाईला हायत. इंजन हाय, ते नेतंय. मी 'नाय न्यायचे' घेतो."

तीन तासांनी वारं पडलं आणि आम्ही गेलो. काही झालं नाही. हीच ह्या कामाची गोम आहे. बुडालेल्या लाँचचा पंचनामा होतो, न बुडालेल्या लाँचचा होत नाही. त्या दिवशी ती माणसं घरी पोचली याची नोंद कुठल्या कागदावर आहे? पुढाऱ्यांची सभा उशिरा झाली त्याची तक्रार मात्र आठव्या दिवशी आमच्या कचेरीत आली, आणि ती मीच आवकजावक वहीत चढवली.

पुढं साहेब बदलले. नवे साहेब हुशार, इंग्रजी चांगलं, टेबल साफ. तपासणीत आक्षेप निघालाच होता, की लाँचला परवानाधारक चालक असताना ह्या निरक्षर इसमाला एवढं वेतन कशाबद्दल? साहेबांना मोठी युक्ती सुचली. मुंजाजींच्या डोक्यातलं सगळं एकदा कागदावर उतरवून घ्यायचं. नकाशा झाला की माणसाची गरज संपली.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही तीन दिवस लाँचमधून फिरलो. आरेखक नकाशा काढत होता, मी टिपणं घेत होतो. कशासाठी चाललंय हे मुंजाजींना पहिल्या तासातच कळलं होतं. दुसरा कुणी असता तर दोन खोडं लपवली असती, एखादी भिंत इकडची तिकडं केली असती. मी तर केली असती. ह्यांनी गावातला एक कोनाडासुद्धा सांगायचा ठेवला नाही. फक्त पहिल्याच दिवशी साहेबांना विचारलं, "सायेब, किती पायऱ्यांचा नकाशा काढताय?"

"पायऱ्यांचा कसला? तळ्याचा."

"मंग बारा कागद आणा. तळं एक नाय, बारा हायत. आज पाणी भरलंय म्हणून नाक्यावर दोन पुरुष पाणी हाय. सात पायऱ्यांना तिथं गुडघाभर ऱ्हाईल."

साहेब माझ्याकडं बघून हसत इंग्रजीत म्हणाले की हा काम लांबवायला बघतोय. मी हसलो. साहेब हसले की कारकुनानं हसायचं असतं. 'बारा कागद' हे मी कच्च्या वहीत लिहिलं होतं, पण पक्की प्रत करताना साहेबांनी ते वाक्य खोडायला लावलं. एकच नकाशा झाला, सुंदर रंगवलेला, आणि त्यात सगळ्यात जवळची म्हणून ठळक निळी रेघ गेली ती बरोबर नाक्यावरून. खाली लिहिलं होतं, 'माहिती देणार: मुंजाजी भोई', आणि शेजारी अंगठा.

नकाशा लाँचमध्ये लागला आणि मुंजाजींना सांगण्यात आलं, की राहायचं असेल तर खलाशाच्या पगारावर राहा. म्हणजे निम्म्याहून कमी. हे सांगायला मलाच पाठवलं होतं. ते अंगणात जाळं विणत होते.

"पोटाला तेवढं बी पुरतंय," ते म्हणाले. "म्हातारी अन् मी, दोघंच. पैशाचं नाय."

"मग या की."

"येऊन काय करू? पुढारी आरडतो, लोक शिव्या घालत्यात, तरी लतीफभाई किल्ली खिशात घालतो. काहून? सरकार ह्या म्हाताऱ्याला एवढा पैका देतंय, म्हंजी ह्याला काय तरी कळत आसंल म्हणून. खलाशी थांब म्हणला तर कोण थांबंल?"

मी ते परत येऊन जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. "घमेंड," साहेब म्हणाले. औरंगाबादला पैठण गेटजवळच्या हॉटेलात त्या संध्याकाळी आमच्या हेडक्लार्कनं सगळ्यांना भजी खाऊ घातली. मीही खाल्ली.

व्हायचं ते माघात झालं. सात पायऱ्या, वारं सुटलेलं, आणि लाँचमध्ये पलीकडच्या लग्नाला निघालेलं वऱ्हाड. नव्या खलाशानं म्हणे भीत भीत सांगितलं होतं, की जरा थांबू या. मुहूर्त टळेल म्हणून वऱ्हाड अंगावर आलं आणि तो गप्प बसला. लतीफभाई निळ्या रेघेनं गेले. लाँच करोडगिरीच्या भिंतीवर चढली, कलली आणि फुटली.

मुंजाजी काठावरच होते. गूळ करायच्या काहिली तिकडं लहान नावेसारख्या वापरतात, तसली एक घेऊन ते एकटेच निघाले. माणसं पाण्यात हातपाय मारत होती, बायका एकमेकींना धरून बुडत होत्या. काहील उलटेल म्हणून ती त्यांनी जवळ नेली नाही, एकालाही आत घेतलं नाही. लांबूनच ओरडले, "भितीवर हुबे ऱ्हावा! तुमच्या पायाखाली भीत हाय, दोन हात रुंद हाय! पवू नका, हुबे ऱ्हावा!" आणि वल्ह्यानं दाखवत गेले, ही भिंत इथून इथं, हा कोपरा, इथं दार हाय तिथं पाय टाकू नका. बघता बघता सगळं वऱ्हाड त्या अफाट तळ्याच्या मधोमध गुडघाभर पाण्यात रांगेनं उभं राहिलं. मग कोळ्यांच्या होड्या आल्या. एकही माणूस गेलं नाही. लतीफभाईंचा उजवा हात तेवढा इंजिनाखाली चिरडला. पुन्हा त्या हातानं त्यांना पाना धरता आला नाही.

चौकशी बसली. लतीफभाई दवाखान्यातून आले, हात गळ्यात बांधलेला. ते सरळ म्हणाले, "मामा बोलता तो मैं रुकता. खलाशी बोला, तो मैं कायकू रुकूँ? नक्शे में तो रस्ता साफ था." मग नकाशा पुढं आला, त्यावरचा अंगठा पुढं आला. चौकशीच्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "पाणी उतरल्यावर हा मार्ग बंद होतो, असं मुंजाजीनं तुमच्यासमोर सांगितलं होतं का?" साहेब समोर बसले होते. कच्ची वही माझ्या कपाटात होती. माझी बढती त्याच महिन्यात होती.

"आठवत नाही," मी म्हणालो.

निकालात लिहून आलं, की माहिती देणाऱ्या इसमानं पाण्याच्या पातळीबाबत अपुरी माहिती दिली. अपुरी! ज्या माणसानं बारा कागद मागितले, त्याची माहिती अपुरी! आणि ज्यांनी एकावर भागवलं त्यांची पुण्याला बदली झाली, वरच्या जागेवर. निकालातलं ते वाक्य टाईप करताना माझी बोटं झडली नाहीत, ह्याची मला आज चीड येते. त्या वाक्यामुळं मुंजाजींना पुन्हा ठेवण्याचा प्रश्नच मिटला. नवी लाँच एका ठेकेदाराकडं गेली.

मी राहुंडीला जाऊन त्यांना सगळं सांगितलं. वहीचंसुद्धा. माफी मागायची म्हणून गेलो होतो, तर त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमाला पगार किती, भाऊसाहेब?"

मी आकडा सांगितला.

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "तेवढ्यात तेवढंच व्हतं." आणि म्हातारीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर चारपाच वर्षांनी. मेहुणीचा साखरपुडा होता, पलीकडच्या गावात. घरची सगळी पुढं गेली होती, मी ठेकेदाराच्या लाँचमध्ये बसलो होतो. पाच पायऱ्या उघड्या होत्या आणि वारं होतं. मुंजाजी पाण्याच्या कडेला उभे. खूप वाकले होते. चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "आज जाऊ नगा. घटकाभर थांबा. वारं पडू द्या." लोक त्यांना ओलांडून फळीवरून चढत होते. ठेकेदाराचा पोरगा म्हणाला, "बाबा, बाजूला व्हा. रोजचं हाय तुमचं." एक बाई म्हणाली, "येडं हाय का ते?" त्यांनी लाँचमध्ये नजर टाकली, मला ओळखलं. "भाऊसाहेब, तुमी तरी उतरा," म्हणाले.

त्यांच्याइतकं ते पाणी कुणाला कळत नाही, हे त्या लाँचमध्ये मला एकट्याला ठाऊक होतं. मी घड्याळाकडं पाहिलं. म्हणालो, "मामा, साखरपुडा आहे, थांबता येत नाही." लाँच सुटली.

मधे दोनतीनदा ती अशी कलली, की बायकांनी पोरं छातीशी धरली. पण पोचलो. सुखरूप पोचलो. फळी टाकताना ठेकेदाराचा पोरगा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय झालं का? म्हातारा उगंच घाबरिवतो." माणसं मोकळी हसली आणि पिशव्या घेऊन उतरायला लागली.

मी उतरून मागं पाहिलं. आम्ही सुटलो त्या काठावर काळा ठिपका उभाच होता. शेवटचा माणूस फळीवरून खाली आला, तेव्हा तो ठिपका खाली बसला.